बक्षिसाचे कार्ड आणि घरखर्चाची वही

सिंगापूरमध्ये स्थानकाबाहेर टेबल मांडून बसलेले बँकांचे विक्रेते 'जेवणावर ५ टक्के परत' म्हणत कार्डाचा अर्ज पुढे करतात. वर प्रवासाची बॅग फुकट! आपल्या कुटुंबांचा मोठा खर्च घर आणि खाणे यांवरच होत असल्याने मोह साहजिक आहे. पण वाचक बंधुभगिनींनी सही करण्यापूर्वी महिन्याची वही उघडावी.

घराचे आधी पाहू. एच. डी. बी. फ्लॅटचा हप्ता बहुतेकांच्या सी. पी. एफ. खात्यातून परस्पर वळता होतो. तेथे कार्डाचा संबंध नाही. भाडेकरूंसाठी कार्डावर भाडे भरून देणाऱ्या मध्यस्थ कंपन्या आहेत, पण त्या शुल्क घेतात. ३,००० डॉलर भाड्यावर २ टक्के शुल्क धरले तर ६० डॉलर गेले. दीड टक्का बक्षीस मिळाले तर ४५ आले. शिवाय कित्येक बँका असे भाडे बक्षिसासाठी मोजतच नाहीत.

खाण्याचे गणित अधिक नाजूक आहे. हॉकर सेंटरवर बहुधा रोख किंवा पे-नाऊ चालते, आणि पे-नाऊचे पैसे थेट खात्यातून जातात. समजा, कार्डावर उपाहारगृहाचे ४०० आणि वाणसामानाचे ३५० डॉलर पडतात. जेवणावर ५ व किराण्यावर ३ टक्के देणारे कार्ड साडेतीस डॉलर देईल. सरसकट दीड टक्क्याचे कार्ड सव्वाअकरा. पण पहिल्या कार्डाची किमान खर्चाची अट ८०० डॉलरची असेल, तर आपण ५० ने कमी पडलो आणि हाती दोनचार डॉलरच आले. फोनचे बिल कार्डावर घेऊन अट भागत असेल तर उत्तम. त्यासाठी नको असलेली ५० डॉलरची वस्तू आणणे हा मात्र शुद्ध वेडेपणा.

आणखी एक गंमत. टक्के आपण काय खाल्ले यावर नव्हे, तर दुकानाला दिलेल्या वर्गाच्या क्रमांकावर ठरतात. मोठ्या दुकानातल्या उपाहारगृहात खाल्लेला डोसा बँकेच्या लेखी कधी कधी 'दुकानातली खरेदी' असतो!

बिल थकले तर सारेच पाण्यात. एच. डी. बी.चे गृहकर्ज २.६ टक्क्यांचे, तर कार्डाचे व्याज वर्षाला २५ टक्क्यांहून अधिक. म्हणून पूर्ण बिल खात्यातून आपोआप भरण्याची गिरो सोय पहिल्याच दिवशी करावी. पतिपत्नींपैकी एकाने पूरक कार्ड घेतल्यास दोघांचा खर्च बहुधा एकत्र मोजला जातो व ८०० गाठणे सोपे होते. बिल मात्र मुख्य कार्डधारकाच्या नावेच येते.