वाघाची वहिवाट

2019 सालच्या जून महिन्यात, पावसाळ्याच्या तोंडावर, यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ बाहेर पडला आणि, रात्री चालावे व दिवसा ओढ्याकाठच्या झुडपांत पडून राहावे असा क्रम ठेवून, विदर्भ, मराठवाडा आणि तेलंगण यांचा मुलूख तुडवीत, हमरस्ते, नद्या आणि शेतशिवारे ओलांडीत, डिसेंबरात बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन पोहोचला. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने त्या वर्षीच्या फेब्रुवारीतच त्याच्या गळ्यात रेडिओ-पट्टा बांधलेला होता, म्हणून त्याच्या मुक्कामांची नोंद होत राहिली आणि त्याची एकूण भ्रमंती 3000 किलोमीटरांच्या घरात गेली हे आपल्याला सांगता येते. 'वॉकर' या नावाने तो वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाला. परंतु त्याच्या कौतुकात, तो निघालाच कशासाठी, हा मूळ प्रश्न बराचसा बाजूला राहिला.

टिपेश्वरचे क्षेत्र जेमतेम 148 चौरस किलोमीटर. तेथे भक्ष्याचा तुटवडा होता म्हणून तो निघाला असे म्हणता येत नाही. वाघांच्या समाजात, पेशवाईतील गावगाड्याप्रमाणे, मिरासदार आणि उपरी असे दोन वर्ग असतात. ज्या नराने एखादा प्रदेश झुंजून मिळविला आणि मूत्राच्या फवाऱ्यांनी व झाडांवरील नखांच्या ओरखड्यांनी आपल्या नावावर केला, तो तेथला मिरासदार, आणि दीड-दोन वर्षांचा होऊन आईपासून सुटलेला प्रत्येक तरुण नर हा, आपल्या जन्मभूमीतसुद्धा, उपरीच. त्याला तेथे राहावयाचे तर प्रौढ नराशी प्राणांतिक झुंज घ्यावी लागते; आणि ती टळली तरी आई व बहिणी यांच्याच सान्निध्यात वयात येऊन वंशाची वाढ जवळच्या रक्तात कोंडून जाण्याचा धोका उरतो. या दोन्ही संकटांतून सुटण्याचा जो मार्ग निसर्गाने काढला, त्यालाच शास्त्रज्ञ अपसरण म्हणतात.

नेपाळमधील चितवनच्या वाघांचा दीर्घ अभ्यास करून डेव्हिड स्मिथ यांनी 1993 साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत तरुण नर सरासरी 33 किलोमीटर दूर जातात, माद्या मात्र दहा किलोमीटरांच्या आतच स्थिरावतात, असे दिसून आले. लेकीला आईच्या वतनातला वाटा मिळतो, लेकाला घर सोडावे लागते. बहुतेक सस्तन प्राण्यांत हाच दस्तूर आहे. पक्ष्यांत बहुधा तो उलटा असतो, नर जन्मस्थळाजवळ घरटे धरतो आणि मादी दूर जाते. वॉकरला ज्ञानगंगेत नीलगायी मिळाल्या, रानडुकरे मिळाली, पाणी आणि आडोसाही मिळाला. परंतु तेथे एकही वाघीण नव्हती. ज्या हेतूने अपसरणाची प्रेरणा त्याच्या रक्तात घातली गेली, तो हेतूच तेथे विफल झाला. वस्तीची जागा म्हणजे केवळ चारापाणी नव्हे, स्वजातीयांचा शेजारही तिचा अविभाज्य अंश आहे, ही गोष्ट अभयारण्यांचे नकाशे आखताना आपण फारशी लक्षात घेत नाही.

अपसरण हे बहुधा आयुष्यात एकदाच घडते. स्थलांतराचे तसे नाही, ते ऋतुचक्राला बांधलेले असते. मृगाच्या सुमारास आफ्रिकेतून आपल्याकडे येणारा चातक आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो आणि पावसाळा सरताच परत फिरतो. सातभाईंनी वाढविलेले त्याचे पोर, ज्याने जन्मदात्यांची संगत कधी अनुभवली नाही आणि ज्याच्या पालकांनी आपले शिवार कधी सोडले नाही, ते समुद्रापलीकडच्या खंडाची वाट कोणाला विचारीत असेल? या प्रश्नाचे फार सुंदर उत्तर ए. सी. पेर्डेक या डच पक्षिशास्त्रज्ञाने दिले आहे. हॉलंडमधील हेग शहराजवळ शरदऋतूतील प्रवासात पकडलेले अकरा हजारांहून अधिक स्टार्लिंग पक्षी, हे आपल्या मैनेच्या कुळातले, विमानाने स्वित्झर्लंडला नेऊन तेथे सोडण्यात आले. ज्या प्रौढ पक्ष्यांनी हा प्रवास पूर्वी केला होता, ते वाट वाकडी करून उत्तर फ्रान्स व इंग्लंडकडच्या आपल्या नेहमीच्या हिवाळी मुलुखाकडे वळले. परंतु प्रथमच निघालेली पिल्ले त्याच जुन्या दिशेने उडत राहिली आणि दक्षिण फ्रान्स व स्पेन येथे जाऊन उतरली. दिशा वारशाने मिळते, ठिकाण मात्र अनुभवाने कळते, हे 1958 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने सिद्ध केले. आणि अधिक नवलाची गोष्ट अशी की, चुकून गाठलेल्या त्या परक्या देशातच ती पिल्ले पुढच्या हिवाळ्यांतही परतून आली.

ओळखीच्या जागेची ही ओढ आपल्या जुन्नर तालुक्यातील बिबट्यांत जितकी निकट पाहावयास मिळते तितकी क्वचितच अन्यत्र. कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांनी उसाचे फड उभे केले, आणि दाट पात, जवळ पाणी व गावोगाव कुत्री-शेळ्या, एवढ्यावर बिबट्याची मादी तेथे सुखाने विऊ लागली. ऊसतोड सुरू झाली की पाचटात डोळे मिचकावणारे बछडे कोयत्याच्या पात्यापासून हातभर अंतरावर सापडतात. अशा वेळी वनखात्याची माणसे त्यांना खोक्यात घालून, संध्याकाळी जेथे सापडले त्याच बांधावर नेऊन ठेवतात. अंधार पडल्यावर मादी येते, आणि एकेकाला मानगुटीला धरून दुसऱ्या फडात घेऊन जाते. उसात जन्मलेले हे बछडे मोठेपणी उसालाच आपले रान समजले, तर त्यात त्यांचा अपराध कोणता?

2001 नंतर जुन्नर भागातले बिबटे मोठ्या संख्येने पकडून दूरच्या जंगलांत सोडण्याचा बंदोबस्त झाला, तेव्हा माणसांवरील हल्ले कमी होण्याऐवजी वर्षाला सरासरी चारांवरून सतरांवर गेले, असे विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे दाखवून दिले. अनोळखी मुलुखात टाकलेले जनावर स्वस्थ बसत नाही. पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे 2009 साली विहिरीत पडलेला एक वयस्क बिबट्या, ज्याला त्यांनी 'आजोबा' म्हटले, माळशेज घाटात सोडल्यावर कसारा भाग ओलांडून, वसईची खाडी पोहून, सुमारे 120 किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापाशी पोहोचला, आणि वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केली नाही.

सर्वांनाच मात्र बिबट्याप्रमाणे पडेल ती जागा मानवत नाही. माळढोकाची मादी उघड्या भुईवर बहुधा एकच अंडे घालते, आणि चहूकडे दूरवर दृष्टी पोहोचेल असा गवताळ माळच तिला लागतो. अशा माळाची दप्तरात 'पडीक' म्हणून नोंद करून तेथे झाडे लावणे हे वनीकरण नव्हे, ते त्या पक्ष्याला घरातून हाकलणे आहे. सोलापूरजवळच्या नान्नजला आज माळढोकाचे दर्शन दुर्मिळ व्हावे, याची आपल्याला खंत वाटली पाहिजे.

माणसाच्या शेतीला कायदा वहिवाटीचा हक्क देतो. शेजारच्याने कुंपण घातले तरी बैलगाडीचा रस्ता बंद करता येत नाही. वन्य प्राण्यांच्या वाटांना तो हक्क नाही, आणि म्हणून राखलेली अरण्ये एकमेकांपासून तुटलेली बेटे होत चालली आहेत. तरीही हा हक्क देता येतो, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. नागपूर–जबलपूर महामार्ग रुंद करताना, न्यायालयीन लढ्यानंतर, पेंचच्या जंगलात रस्त्याखालून प्राण्यांसाठी नऊ मार्ग बांधण्यात आले, त्यांतला सर्वांत लांब 750 मीटरांचा आहे. 2019 साली तेथे लावलेल्या कॅमेऱ्यांत चितळ, गवे, रानकुत्री, आणि अकरा निरनिराळे वाघ त्या मार्गांनी जाताना टिपले गेले. पुढच्या प्रत्येक महामार्गाच्या, कालव्याच्या आणि लोहमार्गाच्या अंदाजपत्रकात हा खर्च पहिल्याच पानावर, नंतर न्यायालयात जाण्याची वेळ येण्यापूर्वी, धरला जावा.