जुन्या मोटारसायकलचा लेगगार्ड

जुन्या मोटारसायकलसाठी लेगगार्ड घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, ‘गाडी कोणती?’ आपण नाव सांगतो आणि तिथंच घोटाळा सुरू होतो. गार्ड ठरतो तो चॅसीसवरून. इंजिनासमोरून खाली येणारी नळी एक आहे की दोन, तिची जाडी किती, इंजिनाचे पुढचे बोल्ट कुठं आहेत, बेंड पाईप कोणत्या अंगानं वळतो, उजव्या पायाखाली गिअर आहे की ब्रेक, एवढं ज्याला सांगता येतं त्याला चाळीस वर्षांच्या गाडीसाठीसुद्धा गार्ड मिळतो. नुसतं नाव सांगणारा माणूस चकचकीत पाईप घेऊन घरी येतो आणि दुसऱ्या दिवशी तो परत करायला निघतो.

नाशिकच्या पंचवटीत जुन्या गाड्या अजून भरपूर आहेत. मखमलाबाद, म्हसरूळ, आडगावकडून सकाळी येणाऱ्या गाड्या पाहाव्यात. बाजार समितीकडं निघालेला शेतकरी, दुधाच्या किटल्या लटकवलेला गवळी, काळाराम मंदिराच्या गल्लीतून घाटाकडं उतरणारा पूजासाहित्यवाला, या सगळ्यांच्या गाड्यांनी दोन पिढ्या पाहिलेल्या असतात. त्यांच्याकडं लेगगार्डला दुहेरी काम असतं. पडल्यावर तो इंजिन वाचवतो आणि एरवी त्याला पिशवी अडकते. रामकुंडाकडं उतरणाऱ्या रस्त्यांवर पाणी आणि फुलांचा चिखल असतो. तिथं गाडी पडते ती वेगानं नव्हे. उभ्या उभ्या, पाय घसरून पडते. अशा पडण्यात गार्ड आपलं काम चोख करतो. इंजिनाचं कव्हर फुटत नाही, ब्रेकचं पॅडल वाकत नाही, गाडी उचलून माणूस पुढं जातो.

थोडा इतिहास सांगायला हवा म्हणून सांगतो. १९५५ मध्ये मद्रासला एनफील्ड इंडियाची बुलेट सुरू झाली, साठच्या दशकात म्हैसूरची जावा आणि एस्कॉर्ट्सची राजदूत आली, १९८५ मध्ये आरएक्स १०० आणि सीडी १०० आल्या, १९९४ मध्ये स्प्लेंडर आणि २००१ मध्ये पल्सर आली. स्प्लेंडरवाल्यांनी हा लेख वाचला नाही तरी चालेल. त्यांच्या गाडीचे गार्ड तालुक्याच्या गावीही मिळतात. अडचण आहे बुलेट, जावा आणि येझदीवाल्यांची.

आधी बुलेट. जुन्या बुलेटची चॅसीस खालून उघडी असते. समोरची एकच नळी इंजिनापाशी येऊन थांबते, तिथं दोन पट्ट्यांनी इंजिन धरलेलं असतं आणि पुढचा सगळा भार इंजिन स्वतः वाहतं. म्हणून गार्डला वर एक क्लॅम्प त्या नळीवर आणि खाली त्या पट्ट्यांच्या बोल्टवर, एवढ्याच जागा मिळतात. त्यातही जुन्या गाडीचा गिअर आणि किक उजवीकडं, ब्रेक डावीकडं. नंतरच्या गाड्यांत गिअर डावीकडं आला. उजव्या गिअरच्या गाडीला डाव्या गिअरचा गार्ड लावला तर बूट गार्डच्या खालच्या नळीला घासतो आणि गिअर अर्धवट पडतो. हे दुकानात कळत नाही, कारण तिथं गाडी स्टँडवर असते आणि कुणी बूट घालून गिअर टाकून पाहत नाही.

नाव तेच आणि चॅसीस वेगळी, याचा सर्वांत ठळक दाखला म्हणजे क्लासिक ३५०. २००९ मध्ये आलेल्या क्लासिकची समोरची नळी एकच होती. २०२१ मध्ये आलेल्या नव्या क्लासिकला समोर दोन नळ्या आहेत. टाकी तशीच, दिवा तसाच, लांबून दोन्ही गाड्या सारख्या दिसतात. पण एकीचा गार्ड दुसरीला बसणं शक्य नाही. तरीही ‘क्लासिकचा गार्ड’ म्हणून दोन्ही एकाच खुंटीला टांगलेले मी पाहिले आहेत. म्हणून दुकानात वर्ष सांगावं, आणि त्याहून चांगलं म्हणजे गाडीच घेऊन जावं.

बुलेटच्या बोल्टांबद्दल बोलल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. जुन्या बुलेटवर इंची आटे आहेत. अडीच सूत बोल्टची, म्हणजे ५/१६ इंचाची जाडी भरते ७.९४ मिलिमीटर, ८ एमएमच्या नटाला ती जवळपास सारखीच. त्यामुळं मेट्रिक नट दोन-तीन आटे आरामात चढतो. मग तो अडतो, फिटर पान्ह्याला जोर देतो आणि आटे कापले जातात. दोन्हींच्या आट्यांची दाटी वेगळी असते, एवढंच त्यामागचं कारण. नट बोटांनी पूर्ण फिरला पाहिजे. बोटांनी फिरत नसेल तर तो त्या बोल्टचा नट नाही. शिवाय गार्डच्या पट्टीची जाडी मध्ये आल्यावर कंपनीचा मूळ बोल्ट आखूड पडतो. नटाबाहेर निदान दोन आटे दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर लांब बोल्ट घ्यावा आणि तो मेट्रिक असेल तर त्याच्या डोक्यावर ८.८ कोरलेलं असावं. साधा बोल्ट गाडी एकदा पडली की वाकतो, आणि वाकलेला बोल्ट काढायला अर्धा दिवस जातो.

आता येझदी, माझी सगळ्यांत आवडती गाडी. रुस्तम आणि फारूख इराणी यांनी म्हैसूरला काढलेल्या आयडियल जावाच्या कारखान्यातून आधी जावा निघाली, १९७३ पासून येझदी हे नाव आलं आणि १९९६ मध्ये कारखाना बंद झाला. म्हणजे आज रस्त्यावर धावणारी सर्वांत तरुण जुनी येझदीसुद्धा तिशीच्या आसपास आहे. कंपनीच राहिली नाही, तेव्हा कंपनीचा गार्ड कुठून येणार? २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी नव्या रूपात परत आल्या, पण त्यांची चॅसीस आणि पाण्यानं थंड होणारं इंजिन यांचा जुन्या गाडीशी संबंध नाही. नव्याचे गार्ड जुन्याला लावायला निघालेले उत्साही लोक भेटतात. त्यांना मी आधी दोन्ही गाड्या शेजारी उभ्या करायला सांगतो.

जुन्या जावा-येझदीला गार्ड बसवणं कठीण जातं ते तीन कारणांनी. पहिलं, सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन. दोन्ही बाजूंनी बेंड पाईप खाली येतात, त्यामुळं बुलेटसारखी एक बाजू मोकळी मिळत नाही. दुसरं, जुन्या जावाच्या चॅसीसची नळी चौकोनी घडणीची आहे. तिच्यावर गोल यू-क्लॅम्प चढवला तर तो चार कोपऱ्यांवरच टेकतो, रंग कापतो आणि धक्का बसताच फिरतो. तिथं सपाट पट्ट्यांचा क्लॅम्प हवा. तिसरं कारण मला सर्वांत आवडतं. या गाडीची किक आणि गिअर एकच दांडी आहे, डाव्या बाजूला. दांडी आत दाबून मागं उभी करायची, किक मारायची, इंजिन सुरू झालं की ती पुढं आणून तिनंच गिअर टाकायचे. गिअर टाकताना क्लचही आपोआप सुटतो. एवढी अप्रतिम योजना करणाऱ्या चेक अभियंत्यांनी डाव्या पायासाठी ठेवलेली मोकळी जागा गार्डनं बुजवली तर गाडीचा स्वभावच बिघडतो. डावीकडची खालची नळी म्हणूनच दांडीच्या टोकापासून बोटभर नव्हे, बुटाच्या नाकाएवढी लांब हवी.

असा गार्ड तयार मिळवायचा तर शोधाशोध करावी लागते. पुण्याची नाना पेठ जुन्या सुट्या भागांसाठी अजून भरवशाची. बुलेटचं सामान दिल्लीच्या करोलबागेतून पार्सलनं येतं. जुन्या गाड्यांच्या लोकांचा आपसातला संपर्क तर सर्वांत कामाचा. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले जगभर आपापल्या गावी एकत्र जमतात, तिथं एखाद्याच्या माळ्यावर पडलेल्या गार्डचा पत्ता लागतो. जुना गार्ड मिळाला तर नवा करायच्या आधी तोच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. वाकलेला असला तरी हरकत नाही. छिद्रांची अंतरं त्यावर शाबूत असतात आणि अंतरं मिळाली की अर्धं काम झालं.

नाहीच मिळाला तर करून घ्यावा. नाशिककरांना यात मोठं सुख आहे, कारण सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहती जवळ आहेत. पाईप वाकवणारा, टर्नर, प्लेटिंगवाला असे सगळे कारागीर शहरातच भेटतात. पंचवटीतल्या एका वयस्क फिटरकडं मी हे काम पुन्हा पुन्हा पाहत बसलो आहे. ते आधी पाईपला हात लावत नाहीत. जाड तार घेऊन गाडीवरच गार्डचा आकार काढतात, मला बूट घालून गाडीवर बसायला लावतात, हँडल दोन्हीकडं पूर्ण फिरवून पाहतात. मग पुढचं चाक दाबून घेतात. ब्रेक मारल्यावर चिमटा दबतो आणि चाक गार्डच्या दिशेनं वर येतं. गाडी उभी असताना चार बोटं दिसणारं अंतर तेव्हा एका बोटावर येऊ शकतं. तार पसंत पडली की मगच पाईप.

पाईप एक इंची, १६ गेजचा, म्हणजे १.६ मिलिमीटर जाडीचा. हा मीटरला सुमारे ९४० ग्रॅम भरतो. १४ गेजचा घेतला तर मीटरमागं दोनशे ग्रॅम वाढतात आणि गार्ड अधिक ताठ होतो. पुष्कळांना तो बरा वाटतो. मला वाटत नाही. गार्डनं वाकायला हवं. तो वाकला नाही तर धक्का क्लॅम्पमधून चॅसीसमध्ये जातो, आणि तीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या कारखान्याची चॅसीस पुन्हा मिळत नाही. पाईप वाकवताना तो चपटा होऊ नये म्हणून आत कोरडी वाळू ठासून दोन्ही टोकं बंद करतात. वाळू भाजून कोरडी करावी लागते. ओलसर राहिली तर तापल्यावर आतल्या वाफेनं टोकाची खुंटी बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. गार्ड चॅसीसला वेल्डिंगनं जोडून देणारे लोक आहेत, त्यांच्याकडं गाडी नेऊच नये. त्या उष्णतेनं नळी कमजोर होते. क्लॅम्प आणि बोल्ट, दुसरा मार्ग नाही.

क्रोमचं काम पाहायला जायची मला नेहमी ओढ असते. लोक चमकीला क्रोम म्हणतात, पण गंज थोपवतो तो खालचा निकेल. निकेलचा थर दहा-वीस मायक्रॉनचा असतो, वरचा क्रोम एका मायक्रॉनपेक्षाही पातळ. निकेलवर पैसे वाचवले की दुसऱ्या पावसाळ्यात गार्डवर तांबूस ठिपके दिसतात. पाईपच्या खालच्या अंगाला एक बारीक छिद्र ठेवायला आवर्जून सांगावं. ते नसेल तर प्लेटिंगच्या टाकीतलं आम्ल आतच राहतं आणि गार्ड आतून सडतो. रोजच्या वापराच्या गाडीला मी पावडर कोटिंग सुचवतो, पण येझदीला क्रोमच शोभतो, हेही खरं.

पाय वाचेल या भरवशावर मात्र कुणी गार्ड लावू नये. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या पथकानं लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटारसायकल अपघातांच्या जागी जाऊन तपास केला. १९८१ च्या त्यांच्या अहवालात गार्डबद्दल स्पष्ट निष्कर्ष आहे: घोटा आणि पावलाच्या इजा कमी होतात, पण नडगी, गुडघा आणि मांडीच्या इजा वाढून तो फायदा फिटतो. वेगाच्या टकरीत पाय गार्डच्या मागं राहत नाही, उसळून त्याच्यावरच आदळतो. म्हणून फुलपाखरी पंखांसारखे रुंद गार्ड मला पटत नाहीत. ते शेजारच्या रिक्षात अडकतात, वळणावर फूटरेस्टच्या आधी रस्त्याला टेकतात, आणि त्यांवर पत्रे नि दिवे चढवले तर हवेनं थंड होणाऱ्या इंजिनाची हवा अडते. गंमत अशी की मागच्या चाकाचा साडीगार्ड आपल्याकडं १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमानं आवश्यक केला आहे. पुढचा गार्ड मात्र बहुतेक गाड्यांवर मालकाच्या हौसेचा. मोटारींच्या बुलबारविरुद्ध केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवलं, तेव्हापासून दुचाकीवालेही धास्तावलेले असतात. चॅसीसमध्ये कापाकापी नाही आणि गार्ड हँडलपेक्षा बाहेर नाही, एवढं पाळलं की मला पुरेसं वाटतं.

गार्ड बसवल्यावर एक परीक्षा घ्यावी. टाकीत पेट्रोल कमी ठेवावं, बॅटरी काढून घ्यावी, जमिनीवर गोणपाटं अंथरावीत आणि दोघांनी धरून गाडी अलगद एका बाजूला निजवावी. आधी गार्ड टेकला पाहिजे, मग फूटरेस्ट किंवा हँडलचं टोक. इंजिनाचं कव्हर आणि येझदीचा बेंड पाईप अधांतरी राहायला हवेत. दोन्ही बाजू पाहाव्यात, कारण हातानं केलेल्या गार्डच्या दोन बाजू क्वचितच तंतोतंत सारख्या येतात.

मग दिंडोरी रस्त्यानं गाडी वणीकडं न्यावी. नांदुरीहून घाट चढताना सैल बोल्ट वाजू लागतो आणि कोणत्या बाजूचा आहे तेही कानाला कळतं. क्लॅम्पखालचं रबर पहिल्या फेरीतच दबतं, म्हणून घाट उतरून खाली आलं की सगळे बोल्ट पुन्हा आवळावेत. त्यासाठी १३ चा पान्हा खिशात असावा. जुनी बुलेट असेल तर इंचीही.