वाईचे बिऱ्हाड

२०२२ च्या जूनमध्ये आमचे सामान घेऊन टेम्पो वाईत शिरला, तेव्हा चालकाने पहिल्याच चौकात गाडी थांबवून पत्ता विचारला. मी खिडकीतून घरक्रमांक सांगितला. चौकातल्या गृहस्थांनी तो ऐकून घेतला आणि शांतपणे विचारले, "क्रमांक राहू द्या हो. आळी कुठली?"

आळी! दादरच्या चाळीत जन्म काढलेल्या सासूबाईंना तो प्रश्न जातीसारखाच वाटला. पुढे कळले, की वाईत माणसाची खरी ओळख तीच. कृष्णेच्या काठाने सात घाट आहेत : गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड आळी. प्रत्येकाचा अभिमान वेगळा. आम्ही उतरलो गणपती आळीत; म्हणजे ढोल्या गणपतीच्या छायेत. रास्त्यांनी १७६२ साली बांधलेल्या त्या देवळाची पाठीमागची भिंत माशाच्या आकाराची आहे. पुराचे पाणी तिच्यावर आपटून दुभंगते. गावात राहायचे तर असेच काही अंगी बाणवावे लागेल, हे मात्र पहिल्या महिन्यातच ध्यानात आले.

वाईला यायचे कारण मी. मुंबईत अकरा वर्षे तासिका तत्त्वावर मराठी शिकवले. दर जूनमध्ये 'यंदा बोलावतील ना?' म्हणून जीव टांगणीला. चाळिशी ओलांडल्यावर कायम नोकरीचे पत्र आले, तेही वाईहून. त्याच सुमारास आमची चाळ पुनर्विकासाला गेली. हे संगणकावर घरूनच काम करीत होते. तेव्हा सगळे जुळून आले, असे मी सर्वांना सांगितले. सासूबाईंना मात्र कोणी विचारले नव्हते.

गाव विक्षिप्त खरे. दुपारी एक ते चार बाजार पेंगतो. त्या वेळात साधी सुई मिळायची नाही. उलट आपल्या घरातली बातमी चोवीस तास मिळते. कन्येने बसस्थानकावर दोन वडापाव खाल्ले, हे ती घरी पोचण्याआधी मला कळलेले असे. मी चिडले तर सासूबाई म्हणाल्या, "चाळीत चाळीस बिऱ्हाडांना कळायचे, इथे गावाला कळते. फरक काय?" तो त्यांचा त्या महिन्यातला सर्वांत मोठा संवाद.

कन्येला गाव आवडले ते सिनेमामुळे. २०१० च्या 'दबंग'मधले लालगंज म्हणून जे दिसते ते आमचे वाई, आणि २००४ च्या 'स्वदेस'चे चित्रीकरण झाले ते शेजारच्या मेणवलीत, नाना फडणविसांच्या वाड्याच्या गावी. आपण उत्तर प्रदेशात राहतो, असे ती दादरच्या मैत्रिणींना फोनवर सांगू लागली. वाईकरांना त्याचे काही नाही. ज्या घाटावर नटनट्या नाचल्या, तिथेच ते सकाळी धुणी धुतात.

माझे मन रमले ते वेगळ्याच कारणाने. मराठी विश्वकोशाचे काम या गावात चालले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे प्रमुख संपादक. पहिला खंड १९७६ साली निघाला. एवढा ज्ञानव्यवहार एखाद्या गावात वर्षानुवर्षे मुरला, की त्याचा वास भिंतींना लागतो. आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. ह्यांनी त्यांना उत्साहाने आपला 'अद्यावत' संगणक दाखवला. गृहस्थांनी संगणकाकडे पाहिलेच नाही. "अद्ययावत," ते म्हणाले. "अद्य आणि यावत्." माझ्या सोळा वर्षांच्या संसारात मला जे जमले नाही ते त्यांनी एका मिनिटात केले. हे तो शब्द आता जन्मात चुकणार नाहीत. वापरणारही नाहीत.

सासूबाई मात्र मिटत गेल्या. दिवसभर खिडकीशी बसत. मंडई, मैत्रिणी, मंदिरापुढची संध्याकाळ, यांतले काही त्या बोलून दाखवीत नसत. एका रात्री मी पाणी प्यायला उठले तर त्या अंधारात बसून दादरच्या खोलीची जुनी किल्ली हातात फिरवीत होत्या. ती खोली पाडून तेव्हा पाच महिने झाले होते. माझ्या कायम नोकरीची किंमत कोण मोजते आहे, ते त्या रात्री मला दिसले. मी पुढे झाले नाही. काय बोलणार होते?

हिवाळ्यात कृष्णाबाईचे उत्सव सुरू झाले. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी कृष्णामाईला नवस बोलला गेला, त्यातून हा उत्सव आला अशी परंपरा सांगतात. एकेका घाटाची पाळी येते. घाटावर मांडव पडतो, देवी तिथे येऊन बसते, कीर्तने होतात, प्रसादाच्या पंगती उठतात. आमच्या आळीची पाळी आली तेव्हा समोरच्या वहिनी दारात उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे न पाहता सासूबाईंना म्हणाल्या, "आजी, तांदूळ निवडायला माणसे कमी पडताहेत. चष्मा घेऊन चला."

सासूबाई चष्मा घेऊन गेल्या. दुपारी जेवायला आल्या नाहीत. संध्याकाळी आल्या त्या तणतणत, की इथल्या बायकांना आमटीत गूळ किती घालायचा ते कळत नाही. असे भांडखोर बोलणे मी आठ महिन्यांत ऐकले नव्हते. ह्यांनी हळूच माझ्याकडे पाहिले.

म्हणून सारे सुरळीत झाले असे नाही. यंदा ह्यांच्या कचेरीने आठवड्यातले चार दिवस मुंबईत हजर राहण्याचे फर्मान काढले. चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत अकराव्या मजल्यावरचा ताबाही मिळणार आहे. ह्यांनी आईला विचारले, "माझ्याबरोबर येतेस का?" मी स्वयंपाकघरात कान देऊन उभी होते. बराच वेळ उत्तर आले नाही. मग त्या म्हणाल्या, "अकराव्या मजल्यावर शेजारीण हाक कशी मारते रे?" हा होकार की नकार, ते अजून आम्हा दोघांनाही कळलेले नाही. पुन्हा विचारायचा धीर होत नाही.

तूर्त हे एकटेच जातात. गेल्या सोमवारी पहाटेच्या गाडीने गेले. आठ वाजता मी साखर आणायला गेले तर दुकानदार म्हणाला, "बाई, साहेबांचा लाडवांचा डबा स्थानकातल्या बाकावर राहिला होता. पुढच्या गाडीच्या वाहकाकडे दिलाय. दादरला उतरवून घ्यायला सांगा." आणि साखर तोलता तोलता पुढे म्हणाला, "लाडू आजींनीच केलेत ना? गूळ जरा जास्त झालाय."