मैदान आणि मॉल

६ डिसेंबरला दादरला आलेला माणूस शिवाजी पार्कवर पथारी टाकतो, पुस्तकांचे स्टॉल पाहतो, भाकरी सोडून तिथेच जेवतो. लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागी आज मॉल आहे. तिथेही कोणीही जाऊ शकतो; पण बसू द्यायचे की उठवायचे, हे मालक ठरवतो.

गिरणगावात मैदाने का वाढली नाहीत, हे आपण समजून घेतले पाहिजे. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ प्रमाणे गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे होत: एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, उरलेला मालकाला. २००१ साली त्यात दुरुस्ती झाली. वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीची. शेडखालची जमीन त्यातून वगळली. आता गिरणीत रिकामी जमीन असते तरी किती? २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही ही दुरुस्ती कायम ठेवली.

अशा फेरबदलाआधी सूचना प्रसिद्ध होते, हरकतींसाठी साधारण महिना मिळतो. जयंतीच्या वर्गणीला घरोघर फिरणारे आम्ही त्या महिन्यात कुठे असतो? प्रत्येक वस्तीत ती सूचना वाचणारे दोघे तरी हवेत.