अभयारण्याबाहेरचा पहारा

पोलादपूर तालुक्यातले कुडपण रायगड, रत्नागिरी आणि सातारा या तीन जिल्ह्यांच्या सीमेलगत, सह्याद्रीच्या उतारावर वसले आहे. घाटमाथ्यापलीकडचे कोयना अभयारण्य 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे; अलीकडच्या कुडपणला तसे कवच नाही. रायगड जिल्ह्यातली कर्नाळा आणि फणसाड ही दोन्ही अभयारण्ये इथून बरीच दूर आहेत. पण या भागातले वन्यजीवन अभयारण्यावर अवलंबून राहिलेले नाही. सावित्रीतल्या मगरी महाड शहराला खेटून जगतात. म्हसळ्याजवळच्या चिरगावात गिधाडे टिकली, ती गावालगतच्या झाडांवर. असे रान राखणाऱ्यांच्या सन्मानासाठी दरवर्षी 31 जुलैला जागतिक रेंजर दिन साजरा होतो. वनरक्षकांबद्दल आपल्याला खरोखर किती आदर आहे, याची परीक्षा ताडोबासारख्या व्याघ्र प्रकल्पात होत नाही, ती कुडपणसारख्या अभयारण्याबाहेरच्या प्रादेशिक वनांत होते, असे मला वाटते.

या वनांतला वनरक्षक नेमके काय करतो? उन्हाळ्याआधी जाळरेषा काढून घेणे, वणवा लागला की गवताळ उतारावर धावणे, रानडुकरासाठी लावलेल्या फासक्या शोधणे, खैराची चोरटी तोड अडवणे, खवले मांजराच्या तस्करीचा माग काढणे, पिकांच्या नुकसानीचे पंचनामे करणे. यातले काहीच पर्यटकांना दिसत नाही. मोजणाऱ्यांनाही फारसे दिसत नाही. 2022 मध्ये ‘नेचर सस्टेनेबिलिटी’ या नियतकालिकातल्या अभ्यासाने जगात सुमारे 2 लाख 86 हजार रेंजर असल्याचा अंदाज मांडला आणि 2030 पर्यंत सुमारे 15 लाख लागतील असे सांगितले. हा हिशेब संरक्षित क्षेत्रांतला आहे. कुडपणच्या डोंगरावर गस्त घालणारा माणूस त्या आकड्यातही बसत नाही.

धोक्याच्या बाबतीत मात्र असा भेद नसतो. 20 नोव्हेंबर 2021 रोजी ताडोबात व्याघ्रगणनेसाठी पायी सर्वेक्षण करताना वनरक्षक स्वाती ढुमणे वाघिणीच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. त्यांच्याबरोबर तीन वनमजूर होते. या घटनेतले वनमजुरांचे असणे मला फार महत्त्वाचे वाटते. वनरक्षकाला निदान पद आणि वेतनश्रेणी आहे. हंगामापुरता रोजंदारीवर घेतलेला मजूर तेच रान तुडवतो, त्याच वणव्यासमोर उभा राहतो आणि पावसाळा लागला की हजेरीपटावरून उतरतो. कोकणातला वणवा बहुतेकदा याच माणसांच्या हातांनी, ओल्या फांद्यांनी झोडपून विझतो.

वनरक्षकांचा गौरव करण्यावर सर्वांत गंभीर आक्षेप गावांकडून येतो. ज्या खात्याने सरपण, चराई आणि वरकस जमिनीवरून पिढ्यान्‌पिढ्या दंड वसूल केला, त्याच खात्याच्या माणसाचा गौरव आम्ही का करावा? हा प्रश्न झटकून टाकता येत नाही. याच जिल्ह्यात, चिरनेरला, 25 सप्टेंबर 1930 रोजी जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला आणि सत्याग्रही हुतात्मे झाले. पण त्या इतिहासातून वनरक्षकाला एकटे पाडावे, असा निष्कर्ष निघत नाही. 11 सप्टेंबर हा राष्ट्रीय वन शहीद दिन राजस्थानातल्या खेजडलीच्या बलिदानाची आठवण म्हणून पाळला जातो. 1730 साली तिथे झाडांसाठी प्राण देणारे 363 जण बिश्नोई ग्रामस्थ होते, सरकारी नोकर नव्हते. 2006 च्या वनहक्क कायद्यानेही सामूहिक वनाचे रक्षण करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. म्हणजे राखणदारांच्या यादीत गावकऱ्याचे नाव आधीपासूनच आहे. वनरक्षक त्याचा सहकारी झाला, तरच एकेकट्या माणसाला पेलणार नाही एवढे क्षेत्र राखले जाईल.

दुसरा आक्षेप पैशाचा: पगार मिळतो, मग आणखी काय हवे? पगार पदाचा मिळतो. पावसात तुटणाऱ्या रस्त्यापलीकडे राहण्याजोगे निवासस्थान, बिनतारी संच, चांगले बूट, सर्पदंशावरचे प्रतिविष जवळच्या आरोग्य केंद्रात असणे, या गोष्टी पगारातून उभ्या राहत नाहीत. 22 जुलै 2021 च्या अतिवृष्टीत महाडचे तळीये आणि पोलादपूरचे केवनाळे दरडींखाली गेले, तेव्हा हे डोंगर किती एकाकी पडतात हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. निधी नाही असेही नाही. वनजमीन इतर कामांना वळवली की भरपाईचा पैसा 2016 च्या प्रतिपूरक वनीकरण निधी कायद्याखाली जमा होतो, आणि आघाडीवरच्या वनकर्मचाऱ्यांच्या सोयींवर तो खर्च करायला नियमांत वाव आहे. तो आधी अभयारण्याबाहेरच्या, वनरक्षकांच्या गस्तीच्या बीटांवर पोचला पाहिजे. आणि पुढच्या वणव्याच्या हंगामाआधी प्रत्येक रोजंदार वनमजुराचा अपघात विमा उतरवला गेला आहे का, हे आपापल्या ग्रामसभेत उभे राहून विचारा.