लेथवरचा हात संगणकालाही हवा

साकीनाका, कुर्ला, घाटकोपरच्या गाळ्यांत लेथ चालविणाऱ्या आपल्या अनेक कारागिरांना वाटते की, सीएनसी यंत्र आले आणि हाताच्या हुन्नराची किंमत संपली. आम्हाला तसे वाटत नाही.

विक्रोळीच्या गोदरेजने इस्रोसाठी ‘विकास’ इंजिने बनविली आहेत. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ घेऊन गेलेल्या अग्निबाणात अशी दोन इंजिने होती. विमान आणि अग्निबाणांचे भाग कापणाऱ्या यंत्राला हुकूम लिहून देतो तो प्रोग्रामर. जी-०० म्हणजे हत्यार झटकन जागेवर ने, जी-०१ म्हणजे ठरलेल्या गतीने सरळ काप. ही भाषा शिकता येते. खरी परीक्षा पुढे आहे.

टायटॅनियम कापताना उष्णता हत्याराच्या टोकाशीच साचते, म्हणून वेग आवरावा लागतो. पातळ भिंतीचा जॉब जास्त आवळला, तर सोडताच त्याचे माप बिघडते. पकड कुठे द्यायची, कोणता कट आधी घ्यायचा, हे वरिष्ठ प्रोग्रामर ठरवितो. एक आकडा चुकला की महागडा जॉब भंगारात जातो.

ही समज यंत्राचा आवाज ओळखणाऱ्या कारागिराला लवकर येते. म्हणून गाळा चालविणाऱ्या बंधूंनी मुलाला आय.टी.आय.तून टर्नर किंवा मशिनिस्टचे शिक्षण द्यावे, ड्रॉइंग वाचणे आणि त्रिकोणमिती पक्की करून घ्यावी, मग कॅड-कॅम शिकवावे. मात्र सुट्टीत त्याला आपल्या लेथवरही उभे करावे. वडिलांचा अनुभव हीच त्याची पहिली शिदोरी आहे.