मेढ्याच्या सावलीतला हंसराज

मृगाच्या दोन-चार सरी पडल्या की जावळी तालुक्यातल्या मेढ्यात घरामागच्या दगडी तालींच्या फटींतून काळ्या, चकचकीत देठांची कोवळी पानं वर येतात. हा हंसराज, आपल्या सह्याद्रीतला नेचा. उन्हाळ्यात त्याचं वर काहीच दिसत नाही. मुळांचा गड्डा तेवढा मातीत जीव धरून असतो. युरोपातल्या बागांत बर्फ सोसणाऱ्या नेच्याला काटक म्हणतात. आपल्याकडे वैशाख सोसेल तो काटक.

त्याचं एक पान उलटं करून बघा. अर्धचंद्राकार पर्णिकेची कड आत दुमडलेली असते आणि त्या दुमडीखाली तपकिरी रेघ दिसते. नेच्याला फूल नाही, बी नाही; सगळा वंश त्या रेघेत. तिथे बीजाणूंच्या सूक्ष्म पिशव्या असतात आणि प्रत्येक पिशवीच्या पाठीवर जाड पेशींचं कडं. हवा कोरडी झाली की पेशींतलं पाणी उडू लागतं, कडं मागे ताणलं जातं, पेशींत बुडबुडे धरतात आणि ताण एकदम सुटतो. राखणदाराच्या गोफणीतून खडा सुटावा तसे बीजाणू हवेत फेकले जातात.

खरी नवलाई तर पुढे आहे. ओल्या मातीवर पडलेल्या बीजाणूतून नेचा उगवतच नाही! उगवतो काही मिलिमीटरचा, हृदयाच्या आकाराचा, हिरवा पातळ पापुद्रा. त्याच्या खालच्या अंगाला नर आणि मादी पेशी तयार होतात. नरपेशी मळसूत्री वळणाची. अंगावरचे बारीक केस हलवत ती पाण्याच्या पातळ थरातून चक्क पोहते. तिला वाट कशी सापडते? जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांनी १८८४ मध्ये दाखवून दिलं की नेच्याच्या नरपेशी मॅलिक आम्लाकडे ओढल्या जातात, सफरचंदाला आंबटपणा देणारं तेच हे आम्ल. दोन पेशी एक झाल्या की त्या पापुद्र्यातून पहिलं खरं पान वर येतं. म्हणजे नेच्याला ओल हवी ती केवळ तहानेपोटी नव्हे. ओलीशिवाय त्याचं लग्नच लागत नाही.

आणि सावली? नेच्यांचं कूळ पस्तीस कोटी वर्षांहून जुनं. पण आजच्या बहुतेक जाती फुलझाडांची अरण्यं पसरल्यावर, त्यांच्या छायेत वाढल्या. मंद उजेडाचा माग काढणारं त्यांचं एक प्रथिन, निओक्रोम, मुळात त्यांचं नव्हतंच. त्याचं जनुक हॉर्नवर्ट या शेवाळांच्या नात्यातल्या बुटक्या वनस्पतीकडून नेच्यांत आलं, असं २०१४ मध्ये संशोधकांनी दाखवलं. हे कूळ चिवटही तितकंच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी डायनोसॉर संपले, त्याच सुमाराचा जावळीचा हा काळा कातळ. त्या काळच्या थरांत, अमेरिकेत आणि न्यूझीलंडमध्ये, फुलझाडांचे पराग अचानक घटतात आणि नेच्यांच्या बीजाणूंची गर्दी होते. उजाड पृथ्वीवर नेचे आधी परतले होते.

तेव्हा घरामागचा अंधारा, ओलसर कोपरा वाया गेला असं समजू नका. फणसाखाली किंवा उत्तरेच्या भिंतीलगत जागा धरा. मातीत भरपूर कुजलेला पालापाचोळा आणि विटांचा चुरा मिसळा, म्हणजे ओल राहील पण पाणी साचणार नाही. गड्डा खोल पुरू नका, पागोळीच्या थेट माऱ्याखालीही लावू नका. पावसाळा सरल्यावर पानं सुकतील. मेला म्हणून खणून काढू नका, खुणेला एक दगड ठेवा.

बीजाणूंपासून रोपं करायची तर पिकलेलं पान कागदाच्या घडीत दोन दिवस ठेवा, तपकिरी भुकटी जमेल. वीट उकळत्या पाण्यात भिजवून गार करा, भुकटी तिच्यावर भुरभुरा, वर काचेची बरणी झाका आणि सावलीत ठेवा. काही आठवड्यांनी हिरवट थर धरतो, मग भिंगाखाली ते पापुद्रे दिसतात. तेव्हा पाण्याचा बारीक फवारा मारायला विसरू नका.

केळघर घाटातून मात्र रोपं उपटून आणू नका, आणि कास पठारावरच्या कशालाच हात लावू नका. आपल्याच तालीवरचं एक पिकलेलं पान पुरे. अख्खा कोपरा भरून उरतील इतके बीजाणू त्यावर असतात.